‘त्याला सोडवावं का?’

पत्र

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा रडला नाही, पुढे सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहण्याचं, निदान झालं. मान धरत नाही, बोलत नाही, फिट्स येतात. वजन १३ किलो. एका जेवणाला पाऊण तास लागतो, तरी निम्मं बाहेर येतं. वर्षभरात न्यूमोनियासाठी तीनदा ॲडमिट केलं. डॉक्टर म्हणतात पोटातून नळी घालू या, आणि पुढच्या वेळी व्हेंटिलेटर लागला तर काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. रात्री दोन-दोन तास ओरडतो, कशाने ते कळत नाही. यजमान म्हणतात, परदेशात अशा मुलांना इंजेक्शन देऊन सोडवतात, आपण तर जनावराचेही असे हाल करत नाही. सासूबाई देवाला साकडं घालतात, आमच्या आधी याला ने. कधी कधी मलाही तसंच वाटतं. आपल्याकडे दयामरण खरंच चालत नाही का? आणि नळीला, व्हेंटिलेटरला आम्ही नाही म्हटलं, तर तोही खूनच का?
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर

ताई,

दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी सरळ देतो. इंजेक्शन देऊन मुलाला मारणं हा भारतात खून आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आमच्या मते ते चूक आहे. व्हेंटिलेटरला नाही म्हणणं हा खून नाही. वेळ आली असेल आणि रीत पाळली असेल, तर तो कायद्यात बसणारा, कुठल्याही चांगल्या आईबापाने घ्यावा असा निर्णय असू शकतो. नळीचा प्रश्न या दोहोंपेक्षा वेगळा आहे, त्याकडे येऊच. पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेलंच नाही: तो रात्री दोन-दोन तास ओरडतो, कशाने ते कळत नाही. ते शोधल्याशिवाय बाकीच्या प्रश्नांना हात घालू नका.

त्याआधी एक सांगायलाच हवं. ‘देवाने याला न्यावं’ असं मनात येणं आणि ‘आपणच काहीतरी करावं’ असं मनात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं, नऊ वर्षं डोळ्याला डोळा न लागलेल्या घरात पुष्कळांच्या मनात येतं. त्यावरून तुम्ही वाईट आई ठरत नाही, सासूबाईही दुष्ट ठरत नाहीत. दुसरा विचार मात्र तुमच्या किंवा यजमानांच्या मनात येऊ लागला, मग त्यात स्वतःला संपवणं असो वा नसो, तर सकाळची वाट पाहू नका. १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक-आरोग्य मदतसेवेच्या) नंबरवर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. फिटच्या औषधांचा जास्तीचा साठा दीर-भाऊ-शेजारी कुणाकडे तरी ठेवायला द्या आणि त्या रात्री मुलाजवळ दुसऱ्या कुणाला तरी झोपवा.

आता त्या ओरडण्याबद्दल. ‘मेंदूतच दोष आहे, तो ओरडणारच’ असं घरचे म्हणतात, कधी घाईतले डॉक्टरही म्हणतात. असं धरून चालणं हीच इथली सगळ्यात मोठी चूक. न बोलणाऱ्या मुलाच्या वेदनेला बहुधा कारण असतं, आणि ते बहुधा मेंदूबाहेर असतं. केव्हा ओरडतो यावरून कुठे पाहायचं ते कळतं. भरवून झाल्यावर आडवं केलं की अर्ध्या तासात अंग धनुष्यासारखं मागे ताणून रडत असेल, तर पोटातलं आम्ल अन्ननलिकेत वर येत असावं. लंगोट बदलताना, पाय फाकवताना किंचाळत असेल, तर खुब्याचा सांधा पाहायला हवा. जी मुलं चालत नाहीत त्यांचा खुबा हळूहळू खोबणीतून सरकतो, म्हणून सहा महिन्यांनी-वर्षाने कमरेचा एक्स-रे काढायचा असतो. तो राहून जातो, कारण मूल चालतच नाही तर खुबा कशाला बघायचा, असं वाटतं. चार-चार दिवस शौचाला होत नसेल, झाली तर खडा होत असेल, तर तेवढंही कारण पुरेसं आहे. एका बाजूला हात लावला की अचानक ओरडू लागला आणि तिथे थोडी सूज दिसली, तर हाड मोडलेलं असू शकतं. न वापरलेली हाडं ठिसूळ असतात, काही फिटच्या औषधांनी ती आणखी ठिसूळ होतात, त्यामुळे न पडताही मोडतात. किडलेली दाढ, फेनिटॉइन या फिटच्या औषधाने सुजलेल्या हिरड्या, कानातला पू, लघवीतला संसर्ग, माकडहाडावरची सुरू होणारी जखम हेही पाहायचं. जखम टाळायची तर दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. ती रात्री एकटीने बदलणं शक्य नाही, त्यासाठी पाळी लावून घ्या.

एक आठवडाभर नोंद ठेवा. दवाखान्यात फ्लॅक नावाची मोजपट्टी वापरतात, ती घरीही चालते. चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि समजूत काढल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण द्यायचे. बेरीज ४ ते ६ आली तर मध्यम वेदना, ७ पासून तीव्र. तुमचा मुलगा ताठरच असतो, त्यामुळे ‘पाय ताठ’ याला आपोआप गुण देऊ नका. एरवीपेक्षा वेगळं काय दिसतं ते लिहा, ते तुमच्याइतकं कुणाला कळणार नाही. रडण्याचा मिनिटभराचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या. ओपीडीत नेमकं त्याच वेळी मूल शांत पडून असतं.

औषधांबाबत दोन धोके लक्षात ठेवा. डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. बाटलीवरचा ‘नऊ वर्षांच्या मुलासाठी’चा डोस १३ किलोच्या मुलाला जास्त होतो, साध्या पॅरासिटामॉलचासुद्धा. दुसरं, ताठरपणासाठी बॅक्लोफेन चालू असेल तर ते एकदम बंद होता कामा नये. उलट्या होतायत, नाहीतर ॲडमिट केलंय आणि घरचं औषध घरीच राहिलं, असं झालं की ताप चढतो, फिट्स वाढतात, ताठरपणा दुप्पट होतो. पिशवीत ती बाटली पहिली ठेवायची. सगळं तपासूनही कारण सापडलं नाही, तर गॅबापेन्टिनसारखं मज्जातंतूंची वेदना कमी करणारं औषध डॉक्टर करून पाहू शकतात. ‘आता काही करता येणार नाही’ हे वाक्य त्याच्याही नंतरचं.

कॅनडातली एक केस इथे सांगायला हवी. दयामरणाच्या प्रत्येक वादात ती दोन्ही बाजूंनी पुढे केली जाते आणि तुमच्या घराशी ती फार जवळून जुळते. सस्कॅचवान प्रांतातला शेतकरी रॉबर्ट लॅटिमर याने २४ ऑक्टोबर १९९३ रोजी आपली १२ वर्षांची मुलगी ट्रेसी हिला मारलं. तिला तीव्र सेरेब्रल पाल्सी होती, फिट्स होत्या, खुबा निखळलेला होता, वजन १८ किलोच्या आत होतं, आणि नोव्हेंबरमध्ये खुब्याची शस्त्रक्रिया ठरली होती. बाप म्हणाला, तिच्या वेदना मला बघवत नव्हत्या. बऱ्याच लोकांना त्याच्याबद्दल सहानुभूती वाटली. खालच्या न्यायालयाने शिक्षा दोन वर्षांवर आणली, त्यातलंही एक वर्ष घरी. शेवटी जानेवारी २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली आणि दहा वर्षं पॅरोल नाही असं सांगितलं.

त्या निकालपत्रातल्या दोन गोष्टी यजमानांना वाचून दाखवा. पहिली अशी की ट्रेसीला खाण्यासाठी नळी घालायचा पर्याय होता. नळी असती तर पोषण सुधारलं असतं आणि कदाचित वेदनेची जास्त परिणामकारक औषधं देता आली असती. आईवडिलांना ती नको होती, मुलीला कृत्रिमरीत्या जगवण्याची ती पहिली पायरी वाटली. म्हणजे ज्या वेदनेपायी तिला मारलं, त्या वेदनेवरचे उपाय संपलेले नव्हते. दुसरी गोष्ट, न्यायालयाने तिच्या आयुष्यात काय होतं तेही नोंदवलंय: तिला संगीत आवडायचं, शेकोटी आवडायची, एका खास बटणाने ती रेडिओ लावायची, घरची माणसं दिसली की खूश व्हायची, आईवडिलांनी हळूहळू झुलवलेलं आवडायचं.

आमचा आक्षेप इथेच आहे. दयामरणाच्या बाजूचा सगळा युक्तिवाद उभा राहतो तो ज्याला मरायचंय त्याच्या मागणीवर. तुमच्या मुलाने मागणी केलेली नाही, तो करू शकत नाही. त्याच्या वतीने ‘हे जगणं नको’ असं म्हणणारी माणसं तीच, जी रात्र-रात्र जागतात आणि ज्यांची त्याच्या जाण्याने सुटका होणार. त्यांचं प्रेम खरं असतं, पण त्यांचा अंदाज चुकतो. युरोपातल्या सात देशांत ८ ते १२ वर्षांच्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचा अभ्यास झाला होता. ज्या ५०० मुलांना स्वतः उत्तरं देता आली, त्यांनी आपलं आयुष्य इतर मुलांसारखंच मानलं, आणि आईबाप जितके ताणाखाली तितकं ते मुलाचं आयुष्य जास्त वाईट ठरवत होते. तुमचा मुलगा त्या ५०० जणांसारखा उत्तर देऊ शकणारा नाही, त्यामुळे त्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण मोजणाऱ्याचा थकवा मापात येतो, एवढं त्यातून कळतं.

‘जनावराचेही हाल करत नाही’ हे खरं आहे. पण जनावराला आपण सोडवतो, तेव्हा त्याच्यावर भूलतज्ज्ञ, हाडांचे डॉक्टर, मॉर्फिन हे सगळं करून झालेलं नसतं. बहुतेक वेळा परवडत नसतं. मुलाच्या बाबतीत तो मापदंड कशाला लावायचा?

परदेशाबद्दल यजमानांनी ऐकलंय ते अर्धवट आहे. बेल्जियमने २०१४ मध्ये वयाची अट काढली, पण तिथे मुलाला स्वतःची समज असावी लागते, मागणी त्याने स्वतः करावी लागते आणि मरण जवळ आलेलं असावं लागतं. तुमच्या मुलासारखं मूल त्यात बसतच नाही. नेदरलँड्समध्ये नवजात बाळांसाठी ग्रोनिंगन प्रोटोकॉल आहे: असह्य आणि कशानेही न शमणारी वेदना, स्वतंत्र डॉक्टरचा दुजोरा, दोन्ही पालकांची संमती आणि नंतर सरकारी छाननी. २०२४ पासून १ ते १२ वर्षांच्या मुलांसाठीही तिथे वाट उघडली, तीही लवकरच मरणार असलेल्या आणि दुसरा कुठलाच उपाय न उरलेल्या मोजक्या मुलांसाठी. खुब्याचा एक्स-रेही न काढलेल्या मुलाला तिथलाही डॉक्टर हात लावणार नाही.

आपल्याकडे तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत संमतीने झालेल्या मृत्यूला खुनाच्या व्याख्येतून मिळणारी सवलत १८ वर्षांवरच्या, स्वतः संमती दिलेल्या माणसापुरती आहे. मुलाच्या बाबतीत दया हा बचाव नाही. ‘अरुणा शानबागच्या वेळी कोर्टाने परवानगी दिली ना?’ असं लोक विचारतात. नाही दिली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात हल्ल्यानंतर अनेक वर्षं अचेत पडून असलेल्या या परिचारिकेला मरू द्यावं, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. केईएमच्या परिचारिकांनी तिला २०१५ पर्यंत सांभाळलं आणि न्यूमोनियाने तिचं नैसर्गिक निधन झालं. त्या निकालात मान्य झालं ते एवढंच की, आशा नसलेल्या रुग्णाचे जीवरक्षक उपचार काही अटींवर थांबवता येतील.

त्या अटी ९ मार्च २०१८ च्या निकालाने आणि २४ जानेवारी २०२३ च्या दुरुस्तीने आज आहेत तशा झाल्या. जीवरक्षक यंत्रणा काढायची असेल, तर आधी उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचं प्राथमिक मंडळ बसतं. मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ यांचं दुसरं मंडळ. दोघांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं. घरच्यांची लेखी संमती लागते आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं. मंडळांचं जमलं नाही तर उच्च न्यायालय. लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेलं पत्र, १८ वर्षांखालच्या मुलाच्या नावे करता येत नाही, त्यामुळे त्याच्या वतीने पालक आणि डॉक्टर मिळूनच ठरवतात. लक्षात घ्या, अपंगत्व हे उपचार नाकारायचं कारण नाही. न्यूमोनियाला अँटिबायोटिकच नको म्हणालात, तर डॉक्टर बाल कल्याण समितीला कळवू शकतात, आणि ते बरोबरच होईल. नाकारता येतं ते असं काही, ज्याचा त्रास फायद्यापेक्षा मोठा आहे.

या कसोटीवर नळी आणि व्हेंटिलेटर वेगळे पडतात. दिवसाचे तीन तासांहून जास्त भरवण्यात जात असतील, वजन वाढत नसेल, घास श्वासनलिकेत जाऊन छाती भरत असेल, तर पोटातल्या नळीचा विचार करायलाच हवा. ती निव्वळ आयुष्य लांबवत नाही, भूक आणि औषधं दोन्हींचा प्रश्न सोडवते. चवीपुरतं तोंडाने देणंही चालू ठेवता येतं. पण तिच्याकडून फार अपेक्षा नकोत: लाळ छातीत जातच राहते, आम्ल वर येणं थांबत नाही, त्यामुळे न्यूमोनिया पूर्ण बंद होईल असं नाही. भोकाजवळ संसर्ग होतो, पाझरतं. नळी निघून आली तर काही तासांत भोक आकसतं, म्हणून लगेच दवाखाना गाठायचा. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला त्याची छाती दाखवून घ्या. सगळं ऐकून तुम्ही नको म्हणालात, तर डॉक्टरांशी बोलून तोही मार्ग धरता येईल. मग भरवताना पाठ ताठ, मान किंचित पुढे, घट्टसर घास, आणि नंतर अर्धा तास आडवं न करणं हे काटेकोर हवं.

व्हेंटिलेटरचा निर्णय आत्ता, शांतपणे घ्या. रात्री तीनला कॅज्युअल्टीत तो घेतला जात नाही, होऊन जातो. डॉक्टरांबरोबर बसून कागदावर लिहा: तोंडावाटे आणि सलाइनमधून अँटिबायोटिक द्यायचं, मास्कने ऑक्सिजन द्यायचा, बायपॅप (घट्ट मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) द्यायचा की नाही. व्हेंटिलेटर द्यायचा असेल तर मुदत घालून, म्हणजे तीन ते पाच दिवस बघू आणि मग पुन्हा बसू. हृदय थांबलं तर छाती दाबायची की नाही हेही लिहा. त्यासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, डॉक्टरांना विचारा. धाप आणि वेदना यांवर काय द्यायचं ते वेगळं, ठळक लिहा. धापेसाठी थोड्या मात्रेत सुरू करून बेताने वाढवलेलं मॉर्फिन हे मारणं नव्हे, हे सासूबाईंनाही समजावून सांगा. २०१४ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीचा कायदा बदलला, तेव्हापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालंय.

अशी योजना फसते कशी, तेही माहीत असलेलं बरं. ती एका रुग्णालयाच्या फाइलमध्ये राहते आणि ॲम्ब्युलन्स दुसरीकडे जाते. म्हणून झेरॉक्स औषधांच्या पिशवीत ठेवा. सही एकाचीच असते, दोघांनी करा. ऐन वेळी पुण्याहून काका येतात आणि ‘काहीही करा पण वाचवा’ म्हणतात. त्यांना आधीच फोनवर कल्पना द्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, पैसे आणि धीर दोन्ही संपले की लोक डामा, म्हणजे ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ सही करून मुलाला घरी नेतात, ना ऑक्सिजन, ना मॉर्फिन. असं मरण फार हालाचं होतं. घरी न्यायचंच असेल तर डामा नको म्हणा, वेदनाशमनाच्या औषधांसह रीतसर डिस्चार्ज मागा. मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरसाठी, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करण्याच्या उपचारांसाठी, मुंबईत वाडिया रुग्णालयात विभाग आहे; तुमच्या बालरोगतज्ज्ञांना फोनवर त्यांचा सल्ला घ्यायला सांगता येईल.

तुमच्यापुरतंही थोडं. ‘आमच्या आधी ने’ यामागे ‘आमच्यानंतर कोण?’ ही भीती असते, तिचं काही अंशी उत्तर कागदपत्रांत आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्यात सेरेब्रल पाल्सीला १ लाखापर्यंत संरक्षण मिळतं, आधी तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालय. तो १८ चा झाला की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमून घ्या; तुमच्या पश्चात पालक कोण, याची चर्चा दीर-नणंदांशी आत्ताच सुरू करायला हरकत नाही. आणि आठवड्यातल्या दोन रात्री यजमानांकडे. सोडवण्याची भाषा करणाऱ्याने आधी त्या दोन रात्री काढाव्यात.

पुढच्या ओपीडीला जाताना आठवडाभराची नोंद, व्हिडिओ, सगळ्या औषधांच्या बाटल्या आणि शौचाच्या तारखा घेऊन जा. पहिलं मागणं कमरेच्या एक्स-रेचं करा. दात आणि कान तिथेच बघायला सांगा. नळीचं आणि व्हेंटिलेटरचं बोलणं त्याच दिवशी उरकू नका, त्यासाठी वेगळी वेळ मागा आणि त्या वेळेला यजमानांना बरोबर न्या.